धारेच्या वेळची मालिका

माझ्या दुकानात शिरताना मामा चपला बाहेर काढतात आणि डिशचा बॉक्स मांडीवर घेऊन बसतात. शेवगावात डिशची दुकानं बरीच आहेत, पण ते पहिल्यापासून माझ्याकडेच येतात. कंपनीनं अपडेट टाकून रेकॉर्डिंग बंद केलं, तेव्हा मात्र त्यांनी रिमोट काऊंटरवर आदळला.

"इतक्या वर्सांचं गिऱ्हाईक हाय मी. इचारलं का कुनी मला?"

त्यांची म्हैस बायकोशिवाय कुणाला हात लावू देत नाही, आणि तिची आवडती मालिका नेमकी धारेच्या वेळी लागते. म्हणून ते ती रोज रेकॉर्ड करून ठेवायचे. त्यांना स्वतःला मालिकांचा तिटकारा. आता तेच डोळे ताणून बघतात आणि बायको गोठ्यातून आली की तिला सगळं सांगतात.

आज सकाळी ते चपलांसकट आत आले.

"काल लाईट गेल्ती. ही तर सारखी इचारतीय. मग त्या बाहेर काढलेल्या सुनेला मीच घरात घेतली. नवरा न्यायला आला म्हनून सांगितलं. लई दिसांनी हासली ही." ते काऊंटरवर वाकले. "खरं काय झालं वो?"

भाग मी पाहिला होता. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं.

"आमच्याकडं पण लाईट नव्हती, मामा," मी म्हणालो.