धुडकूची डावी बाजू

आमच्या उधन्याच्या कारखान्यातला विणकर धुडकू फुटबॉलमध्ये सेंटर हाफ, म्हणजे मधल्या जागी, खेळायचा, असं आपलं म्हणायचं. खरं तर तो मैदानभर खेळायचा. मी गोलकीपर, टीमचा कप्तान आणि कारखान्यात त्याचा मुकादम. त्यामुळे त्याची पाठ मी जितकी पाहिली तितकी त्याच्या बायकोनेही पाहिली नसेल.

माझ्या गोलपुढे पाय घालून चेंडू काढून घेणारा तोच, डाव्या-उजव्या कुठल्याही पायाने लांब पास देणारा तोच, आणि पुढे पोचून गोल मारणाराही तोच. बाकीचे चेंडू आल्यावर बघायचे. धुडकू चेंडू यायच्या आधीच डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे मान वळवून सगळं बघून ठेवायचा. "भाऊराव, याच्या पाठीला डोळे आहेत," असं कारखान्याचे शेठ मला कौतुकाने म्हणायचे.

एकोणसत्तर साली बारडोलीच्या टीमशी आमची फायनल ठरली. सरावानंतर मी धुडकूच्या डाव्या बाजूने चहाचा कप पुढे केला. तो घेईना. मला राग आला. मुकादमाने चहा द्यावा आणि याने ढुंकूनही बघू नये! मग त्याने मान वळवली, नाकाशी आलेला कप पाहिला आणि असा दचकला की मला कळून चुकलं. त्याचा डावा डोळा दिसायला स्वच्छ होता, पण त्या डोळ्याने त्याला काही दिसत नव्हतं.

"धोटा लागना व्हता भाऊ, जुना कारखानामा," तो पुटपुटला. "कोनले सांगू नको."

मागावरून निसटलेला धोटा, आडवा धागा नेणारी ती टोकदार लाकडी नळी, कुणाची गय करत नाही. डोळा अधू झालेल्या लोटू विणकराला शेठनी आदल्याच वर्षी घरी बसवलं होतं, आणि धुडकूच्या घरी खाणारी तोंडं चार. अंधाऱ्या बाजूने काही अंगावर येईल, नाहीतर कुणाला तरी कळेल, या धास्तीत तो वर्षानुवर्षं जगत होता. ज्या मानेचं आम्ही कौतुक करायचो, ती भीतीने वळत होती.

मग फायनलला मी शहाणपणा केला. त्याला डाव्या कडेला लावलं. तिकडे त्याच्या आंधळ्या बाजूला फक्त चुन्याची रेघ. म्हटलं, एक दिवस तरी बिचारा निर्धास्त खेळेल.

तो निर्धास्त खेळला आणि आमचं वाटोळं झालं. मान वळायची थांबली. चेंडू पायाशी आला की मग तो बघायचा, चारचौघांसारखा. मध्यंतरापर्यंत माझ्या जाळ्यात दोन गोल.

मध्यंतरात त्याने मला बाजूला ओढलं. "भाऊ, माले मजार ठेव. तठे कडेले माले भ्याव वाटत नही. भ्याव नही ते माले काहीच दिखत नही."

मी त्याला पुन्हा मध्ये आणलं. मान वळू लागली आणि धुडकू परत सगळीकडे दिसू लागला. डावीकडून कुणी त्याच्यावर धावलं की मी गोलमधून जीव खाऊन ओरडत होतो. दोन्ही गोल त्याने फेडले. पण बरोबरी झाल्यावर नाणं उडवलं आणि ढाल बारडोलीला गेली.

धुडकूला डावीकडे का लावलं, म्हणून शेठ गुजरातीत तणतणत आले. "धुडकूने डाबी बाजू केम मूक्यो?"

धुडकू माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे मान वळवली. खरं सांगितलं असतं तर माझी कप्तानी वाचली असती आणि त्याची भाकरी गेली असती.

"शेठ, माझी अक्कल चरायला गेली होती," मी म्हणालो.

"तो हवे कप्तान बीजो," शेठ म्हणाले आणि माझी कप्तानी दुसऱ्याला देऊन गेले.

सोमवारी धुडकू पाळीवर आला तेव्हा भिंतीकडेचा माग रिकामा होता. डावीकडे भिंत, म्हणजे धोक्याचं नाव नाही. मी तिकडे बोट करणार होतो, पण हात आवरला आणि रांगेच्या मधला त्याचा नेहमीचा माग दाखवला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे पाहिलं आणि माग सुरू केला.

मी त्याच्या डाव्या हाताला उभा राहिलो. धोटा धडाधड फिरू लागला. आता भ्यायला आम्ही दोघं होतो.