बशीतला कर्करोग

निसर्गाने रोगाच्या आधी त्याचं औषध जन्माला घातलं, हे सत्य मी ऐंशीच्या दशकात नागपूरच्या एका सभागृहात ऐकलं. सांगणाऱ्या डॉक्टरसाहेबांना सर्दी झाली होती आणि तिच्यावर त्यांनी इंग्रजी गोळी घेतली होती. संत्र्याच्या सालीतल्या द्रव्याने प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावू शकते, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या शेजारी बसलेल्या मामाच्या.

मामाची काटोलला संत्र्याची बाग होती आणि प्रोस्टेटमध्ये गाठ. ती पाठीच्या हाडापर्यंत पोचली होती. गाठ वृषणांतल्या रसावर पोसते, तेव्हा वृषणंच काढू, थांबू नका, असं सर्जनने सांगितलं होतं. मामा तिथून चपला न घालताच निघून आला होता.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. उभा राहिलो. "हे कुणा माणसाला देऊन पाहिलंय का?"

"प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर आहेत."

"म्हणजे नाही."

अध्यक्षांनी वेळेअभावी आभारप्रदर्शन सुरू केलं.

बाहेर मामा भडकला. "काहून गा, एवढ्या मोठ्या माणसाले भरसभेत आडवं बोलून राहिला?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

काटोलला पोचताच त्याने पातेलंभर साली उकळायला ठेवल्या. मी बजावत राहिलो. सालीत गुण असेलही, उद्या त्यातून औषधही निघेल. पण बशीला पोट नसतं, यकृत नसतं आणि बशीची लघवी तुंबत नाही. मामाची तुंबत होती.

शेवटी मामी बोलली. "बांधावरच्या झाडाले डिंक्या रोग लागला, तवा काय केलं तुमी?"

"रोगट साल खरवडली. बोर्डो मलम लावलं."

"काढा नाही पाजला?"

"झाडाले काढा कोन पाजते वं!"

"मंग झाडाले सुरी अन् तुमाले सरबत?"

"थे साल हाये. हे मर्दानगी हाये."

"पाच लेकरं झाली तिची. आता काय प्रदर्शनात ठेवता तिले?"

मामाने पातेलं चुलीवरून उतरवलं आणि नागपूरची बस कधी आहे ते विचारलं.

सर्जनला त्याने एकच अट घातली. "साल खरवडा. खोडाले धक्का लागला तं पाहा."

भेटायला येणारे दबक्या आवाजात विचारत, नेमकं काय काढलं? मामा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगे. विचारणाराच खाली बघे.

ऑपरेशननंतर अंगातून अधूनमधून गरम वाफा निघतील, घाबरू नका, असं डॉक्टरांनी गंभीरपणे समजावलं होतं. मे महिना होता. वाफा सगळ्या वॉर्डाच्याच अंगातून निघत होत्या.