माडीबंदी आणि एकोणीस पत्रिका

गावाच्या भल्याचं काही बोलायला जयवंताबाईंनी तोंड उघडलं, की त्यात घरचं भलं आधी असायचं. जैनथजवळच्या त्या गावात नवऱ्यामागे त्यांनी एकटीनं सांभाळलेला भाजीचा मळा, वर पंचायतीत मेंबरकी. "नाल्या तुंबून राह्यल्या, गावात माणूस मावून नाही राह्यला," असं सांगून त्यांनी घरांवर माडी चढवायला सहा महिन्यांची बंदी आणली. खरं दुखणं शेजारचे विधुर बाबाराव. त्यांची माडी उठली असती, तर बाईंच्या गच्चीवरच्या मिरच्या सावलीत गेल्या असत्या.

आता बंदी वाढवायची की उठवायची, हे सभेत ठरायचं होतं. नेमकं तेव्हाच बाईंच्या लेकाचं, करणचं लग्न जमलं. जोडप्याला वेगळी खोली नसेल तर सोयरीक मोडली समजा, असं मुलीकडच्यांनी बजावलं. खोली निघणार ती माडीवरच.

बाई कसल्या डगमगतात! म्हणाल्या, "बंदी वाढवा. पण ज्याच्या घरी लगन हाये, त्याले सूट द्या."

"मग आठ दिवसांत लग्नपत्रिका दाखवा," सेक्रेटरी म्हणाले.

आठ दिवसांनी सभेत टेबलावर एकोणीस पत्रिका पडल्या. गावात लग्नाची पोरं चार. नागोरावांनी तर स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न ठरवलं होतं. सेक्रेटरी वाचत गेले आणि एका पत्रिकेवर अडखळले. "वर, चिरंजीव बाबाराव. वधू, चि. सौ. कां. जयवंताबाई."

सभा हसून लोळली. बाई कडाडल्या, "मले इचारलं होतं काय?"

"छापणाऱ्यानं नवरीचं नाव मागतलं," बाबाराव खाली मान घालून म्हणाले. "दुसरं सुचलंच नाही."

"ही खोटी असेल तर सगळ्याच पत्रिकांची चौकशी करावी लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "तोवर सूट कोणालाच नाही."

करणचं तोंड एवढंसं झालं. लेकापुढे मिरच्या काय चीज! बाईंनी हात वर केला. "बंदीच उठवा. समद्यायची!"

भराभर हात वर झाले, बंदी उठली. सगळे पेढे आणायला धावले, बाबाराव मात्र बाकावरच बसून राहिले.

"माडी भेटली ना? मंग तोंड काऊन पाडलं?" बाईंनी विचारलं.

"छापली माडीसाठीच. पण आठ दिवस रोज वाचून राह्यलो होतो."

 बाईंनी टेबलावरची ती पत्रिका उचलून उलटसुलट पाहिली.

"अशी कोरी काऊन आणली मंग?" त्या पुटपुटल्या. "पत्रिकेले हळद-कुंकू लावा लागते."