रेल्वेच्या बोटीवर जन्मलेली लेक

कुसुम, तू माझी बालमैत्रीण, तरी हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आम्ही लालबाग सोडलं त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. टॅक्सी मिळेना. माझे बाबा ट्रंक डोक्यावर घेऊन बोरीबंदरपर्यंत चालले. ह्यांची परळच्या रेल्वे कारखान्यातून थेट धनुष्कोडीला बदली झाली होती, रेल्वेच्या आगबोटीवर फिटर म्हणून. गाडी हलताना बाबा एवढंच म्हणाले, "चेडवा, दर्याक भियां नको." पोरी, समुद्राला भिऊ नकोस.

रेल्वेची बोट म्हणजे काय, हे तिथं गेल्यावर कळलं. मद्रासची गाडी धक्क्यापर्यंत यायची, उतारू आणि माल बोटीवर चढायचा आणि पलीकडे लंकेत दुसरी गाडी उभी असायची. विलायतेत बांधलेली जुनी बोट. वर चहाच्या मळ्यांवर निघालेले मजूर, खाली तांदळाची पोती. आमचं क्वार्टर वाळूत. तमिळ येत नव्हतं. बोटीचा भोंगा झाला की मला गिरणीचाच वाटायचा आणि डोळे भरून यायचे.

पहिलटकरीण मी, डोहाळजेवण राहूनच गेलेलं. आठवा सरताना हे म्हणाले, "नावेतलं करू या. बोट आपलीच!" मी हौसेनं हिरवी साडी नेसले. भर समुद्रात कळा सुरू झाल्या. हे खाली इंजिनापाशी, त्यांना जागा सोडता येईना. मळ्यावर निघालेल्या बायकांनी साड्या धरून माझ्याभोवती आडोसा केला. एक म्हातारी मला पाठीमागून धरून म्हणत राहिली, "अळादे, अम्मा, अळादे." रडू नकोस.

पलीकडचा किनारा दिसायच्या आत लेक झाली. हे धावत वर आले, पण हात काळे म्हणून तिला घेईनात. म्हातारीनं आपल्या पदरानं ते हात पुसले आणि पोर त्यांच्या हातात दिली. धक्का आला तशा त्या बायका गर्दीत उतरून गेल्या. नावंसुद्धा विचारायची राहिली.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा बाबा पेढे घेऊन आले. नातीला मांडीवर घेऊन म्हणाले, "मुंबई आपली झाली. आता घराक चला." मी आनंदानं रडले, पण गेले नाही; लेक जिथं झाली तो दर्या सोडवेना.

पुढे आम्ही मदुरेला आलो. धनुष्कोडी वादळात गेली, बोटही राहिली नाही. माहेर विचारलं तर मी अजून लालबागच सांगते. पण घर? गेल्या आठवड्यात शेजारी दादरची नवी सून आली. भाषा येत नाही म्हणून जिन्यात रडत होती. मी तिला आत आणलं, पान वाढलं आणि तिचं जेवण होईपर्यंत जवळ बसून राहिले.