ढिल्या चेनचे डॉक्टर

डॉक्टर येत आहेत हे कोंढा गावात आधी चेनवरून कळायचे. इंजिनाचा आवाज मागून यायचा. मोटारसायकलची चेन इतकी सैल की गाडी हळू झाली की ती खालच्या लोखंडी पट्टीवर खळखळ वाजायची. पानठेल्यावरचे लोक म्हणायचे, "आले ढिल्या चेनचे डॉक्टर." डॉक्टरांच्या कानावर हे नाव होते. ते म्हणत, "ढिली हाये म्हनून तं येऊन राहिलो. तंग असती तं तिकडंच पडलो असतो."

ते जनावरांचे डॉक्टर. आसपासच्या वीसेक गावांतली गुरे त्यांच्याकडे. मी शाळेत मास्तर. एका घराच्या दोन खोल्यांत आम्ही दोघे सहा वर्षे शेजारी राहिलो. त्यांचे घर, शेती, बायको करडीला, आणि माझे असे कोणी नव्हतेच. त्यांचे गाडीवर प्रेम होते आणि माझे पुस्तकांवर. एकमेकांच्या वस्तूला आम्ही कधी नावे ठेवली नाहीत.

त्यांची गाडी पाहिली तर सांगाड्यासारखी दिसे. चिखल अडकतो म्हणून चेनवरचा पत्रा त्यांनी काढून टाकला होता, मागचा मडगार्ड अर्धा कापला होता. रस्ता जिथे संपतो तिथून त्यांचे काम सुरू होई. धानाच्या बांध्यांमधल्या, खाचरांच्या कडेच्या वीतभर रुंद धुऱ्यावरून ते गाडी चालवत, सीटवर न बसता, पायदानावर उभे राहून, माणूस चालेल इतक्या हळू. रोवणीच्या दिवसांत धानाची रोपे, पऱ्हे, लावणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत राहायच्या. एकदा मी मागून पायी येत होतो तेव्हा एक म्हातारी ओरडली, "डॉक्टर, पडलेत तं पऱ्ह्यांसंगं रोवून टाकू तुमाले." डॉक्टर तसेच तोल सांभाळत म्हणाले, "रोवा ना बाई, पन सरळ रोवजा." सगळी बांधी हसली. ते मात्र हसले नाहीत. धुऱ्यावर असताना ते कधी हसत नसत.

रविवारी सकाळी चेन निघायची. घमेल्यात रॉकेल ओतून ते ती ब्रशने धुवायचे, मग ग्रीस गरम करून त्यात बुडवून अंगणातल्या मोहाच्या झाडाला लटकवायचे. थेंब गळायचे थांबले की पुसून परत चढवायची. चेन जोडणाऱ्या लॉकच्या पत्तीचे बंद तोंड पुढे आहे ना, हे ते दोनदा पाहात. आणि त्यानंतर, सहा वर्षांत एकही रविवार न चुकवता, हाक यायची, "मास्तर, बसा."

मी पुस्तक घेऊन बाहेर यायचो आणि गाडीवर बसायचो. माझे काम तेवढेच. ते खाली मातीत बसून चेनला मधोमध खालून बोट लावत आणि वर उचलत. दीड बोट उचलली पाहिजे. मग मला वर बसवूनच गाडी हातभर पुढे ढकलत, पुन्हा बोट लावत. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, जिथे सर्वांत तंग लागेल तिथलेच माप खरे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट ते अर्धा अर्धा फेरा, मोजून, सारखे फिरवत. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेतो माझी चार-पाच पाने वाचून होत.

एकदा मी विचारले, की रिकाम्या गाडीवर चांगली तीन बोटे लोंबणारी चेन बरोबर कशी. ते म्हणाले, "रिकामी गाडी खोटं बोलते जी. वजन पडलं का मागचं चाक वर सरकते, चेन वढते. आता ढिली दिसते ना, तीच धुऱ्यावरून उतरताना तारेवानी होते. म्हनून एकट्याले चेन पाहाता येत नाही." मग माझ्याकडे निरखून पाहात, "आन तुमी जरा जेवत जा. तुमचं वजन घटलं तं माहं माप चुकते."

सहाव्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांना ताप भरला. गुरांना घटसर्पाची लस टोचण्याचे ते दिवस. तिसऱ्या दिवशी रविवार होता. खाटेवरूनच म्हणाले, "मास्तर, उद्या निघतो मी. चेन पाहून ठेवता का? कोनाले तरी बसवून घ्या."

मी चेन धुतली, ग्रीस दिले, चढवली. आता कोणाला तरी बसवायचे होते. रस्त्याने लोक जात-येत होते. फाटकाशी जाऊन "जरा बसता का" एवढेच म्हणायचे. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो. एकदा ओळखीचा माणूस गेला, त्याने नमस्कार केला, मीही केला. पुढचे शब्द तोंडातून निघाले नाहीत. मग परत येऊन मी खाली बसलो, रिकाम्या गाडीच्या चेनला बोट लावले आणि ती बरोबर दीड बोट केली. दोन्ही बोल्ट सारखे फिरवले. चेन सरळ, नीटस दिसत होती. ती खळखळ मला मनातून कधी आवडली नव्हती, हेही इथे लिहून टाकतो.

सोमवारी ते निघाले तेव्हा चेन वाजली नाही. अंगात कणकण होती, त्यांच्या ते लक्षात आले नसावे. मागे बर्फाची पेटी, तिच्यात लस. तलावाच्या पारीवरून, त्या उंच बांधावरून, खाली उतरताना गाडी दणकन बसली आणि चेन तुटली. तुटलेले टोक पुढच्या चक्रात गुंतले, चाक जागीच अडले, आणि डॉक्टर दगडांच्या बाजूला पडले. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी त्यांच्या खाटेजवळ बसून होतो. त्यांचे साहेब आले, कसे झाले म्हणून विचारू लागले. डॉक्टर म्हणाले, "चेन जुनी होती, साहेब." चेन जुनी नव्हती. दिवाळीत नवी टाकली होती, तेव्हाही मीच वर बसलो होतो. साहेब गेल्यावर मी बोलणार होतो. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मी पुस्तक उघडले. असे चार रविवार गेले.

पाय पुन्हा वाकला नाही. त्यांना भंडाऱ्यातच टेबलाचे काम मिळाले, करडीहून वहिनी आल्या, सामान गेले, गाडीही ट्रकमधून गेली. मी कधीमधी भेटायला जायचो. चहा व्हायचा. ते माझ्या शाळेचे विचारायचे, मी त्यांच्या पायाचे विचारायचो नाही. नंतर जाणे कमी झाले. लाज माणसाला घरात बसवते, आणि मला घरात बसायची सवय होतीच.

दहा-बारा वर्षांनी ते गेल्याचे पत्र आले. तेरवीला गर्दी होती, म्हणून मी चार दिवसांनी पुन्हा गेलो. वहिनी मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथे गाडी उभी होती, पुसलेली. सीटवर धानाचे पोते, पाऊण भरलेले, सुतळीने बांधलेले.

"हे मास्तर," वहिनी म्हणाल्या.

मला समजले नाही.

"दर ऐतवारी स्टुलावर बसत, पाय लांब करून, आन चेन पाहात. मी म्हनलं, चालवत नाही तं कायले पाहाता? तं म्हनत, आदी मास्तरले बसव. मंग मी हे पोतं ठेवो. दोनदा धान काढून कमी केलं त्यायनं. म्हनत, मास्तर एवढा जाडा नाही."

मी पोत्याची सुतळी चाचपून पाहिली. मग विचारले, "वहिनी, ते पडले त्याबद्दल कधी काही म्हणाले?"

वहिनींनी पदराने सीटचा कोपरा पुसला. "एकदाच. म्हनले, मास्तर लाजरा मानूस हाये. कोनाले बसा म्हनला नसन तो. खाटेवरून उठून मीच गाडीवर बसाले पाहिजे होतं."

बाहेर कोणाची तरी सायकलची घंटी वाजली आणि गेली. मी पोत्याला हात घातला आणि ते उतरवून भिंतीशी ठेवले. गाडीवर बसलो. हँडल गार होते. वाचायला काही आणले नव्हते.

"वहिनी," मी म्हणालो, "खाली चेनला जरा बोट लावून पाहता का?"

त्या गुडघे टेकून बसल्या, मधोमध बोट लावून त्यांनी चेन वर उचलली, आणि म्हणाल्या, "दीड बोट."