टायरच्या आतलं टायर

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आर्वीला बी.एस्सी.ला नाव घातलं आणि बाबांनी नवी सायकल आणली. निळी, दांड्यावर खाकी कागद तसाच गुंडाळलेला. गावातल्या पंक्चरवाल्या काकांनी मात्र रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. मागचं टायर अंगठ्यानं दाबलं.

“सायकल चांगली हाय. टायर नुसते दाखवाले देल्ले कंपनीनं. आपल्या पांदणीतले बाभळीचे काटे त्याईले का मालूम?”

बाबांनी स्वतःच्या सायकलचं झिजलेलं टायर काढून दिलं. काकांनी त्याच्या कडांच्या तारा कापल्या आणि मागच्या चाकात, नव्या टायरच्या आत, ट्यूबवर अस्तरासारखं बसवलं. त्याची दोन टोकं जिथे एकमेकांवर आली तिथे उंचवटा राहिला. चाकाच्या दर फेऱ्याला तो जमिनीवर आपटायचा आणि मडगार्ड वाजायचं. थप्. थप्.

सकाळी पांदणीत, वावरांमधल्या त्या कच्च्या वाटेवर, धुकं असायचं. दोन्हीकडे फुटलेला कापूस, आणि मध्ये मी व तो आवाज. त्याच्या तालावर मी रसायनांची सूत्रं म्हणायची. एका थपेला एक मूलद्रव्य. कधी वाटायचं, पायडल मी मारतच नाही, रस्ताच मला हळूहळू ओढून नेतो आहे. संध्याकाळी परत यायची तेव्हा चुलीवर चहा उकळत असायचा. माझ्या येण्याची वेळच ती, असं मी धरून चालले होते.

कॉलेजच्या फाटकाशी मात्र मुली हसत.

“आली वं, हिची बैलगाडी आली!”

मीही हसायची. पण एका रविवारी, बाबा वावरात गेल्यावर, मी पान्ह्यानं चाक उघडून ते अस्तर काढलं आणि कडब्यामागे लपवलं. सोमवारी सायकल पाण्यावरून गेल्यासारखी गेली. कसलाच आवाज नाही. खूप छान वाटलं, खरंच. फक्त सूत्रं काही केल्या ओळीनं आठवेनात.

त्याच शनिवारी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. पांदण संपायच्या आतच मागचं चाक बसलं. कोरं टायर, आणि त्यात बोटाच्या पेराएवढा काटा. सायकल ढकलत मी निघाले, मग पळाले. ही परीक्षा हुकली तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर मला पुन्हा पाठवा असं म्हणायचं तोंड मला नव्हतं. अर्धा तास उशीर झाला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे, आणि रिकाम्या टेबलाकडे बोट केलं. शेवटचं रीडिंग राहिलं. पास होण्यापुरतं झालं असावं, एवढंच वाटत होतं.

पंक्चर काढून घरी आले. दुसऱ्या दिवशी कडब्यामागचं अस्तर मी स्वतःच पुन्हा बसवलं. कोणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी पांदणीतून विहिरीपाशी घराकडे वळले. थप्. थप्. अंगणात आले तर चहा उकळत होता. तेव्हा कुठे लक्षात आलं, गेला आठवडाभर मी आल्यावरच चूल पेटत होती.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मागच्या चाकाकडे पाहिलं.

“विहिरीपासून आयकू आलं,” ते म्हणाले. “तुया मायले म्हनलं, मांड आता आधण.”