कडबाकुट्टीच्या चाकातले केस

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. चीड आरोपीची येते, तेवढीच स्वतःचीही.

दुष्काळी साल होतं, मी तिथं फौजदार होतो. गेवराईच्या बाजूला एका सहकारी संस्थेची चारा छावणी होती. तिथं कडबाकुट्टीवर, म्हणजे कडबा बारीक करायच्या मशीनवर काम करणारी एक बाई मेली. पहाटे तिचे केस मशीनच्या चाकात गुंतले आणि डोकं लोखंडावर आपटलं, असं संस्थेचा चेअरमन म्हणाला. छावणीतच चारा उतरवणाऱ्या तिच्या नवऱ्यानं मान डोलावली. चाकाला गुंडाळलेला झुपका मी स्वतः पाहिला. पंचनामा केला, केस जप्त करून पाकीट सीलबंद केलं आणि अकस्मात मृत्यूची नोंद घेतली.

पाचव्या दिवशी केसांवर भांडी देणारी एक म्हातारी ठाण्यात आली. ठाणे अंमलदार तिला हाकलत होता. मी आत बोलावलं.

"सायेब, त्या पोरीनं वरीसभराची गुंतवळ माज्यासाठी ठिवलती. म्या डबा द्यायचा कबूल केलता. आज तिच्या घरी गेलते, तर कोनाड्यातली पिशवी रिकामी. इंचरून निघालेले केस कुनी कावून नेतंय?"

मला चाकावरचा झुपका आठवला. तो त्या पिशवीतलाच तर नव्हता?

रीतसर पत्र देऊन मी ते पाकीट अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात नेलं. शवविच्छेदनाच्या वेळी तिच्या डोक्यावरून उपटून ठेवलेले केसही सोबत होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"हा उपटलेला केस. कातडीच्या आत मुळाभोवती नाजूक म्यान असतं. वाढता केस ओढला की तेही सोलून वर येतं. दिसतंय?"

दिसत होतं. पातीच्या कांद्याला असतो तसा ओलसर पापुद्रा मुळाला चिकटलेला होता. मग त्यांनी काच बदलली. चाकावरच्या केसाचं मूळ सुकलेलं, गदेसारखं गोल होतं. म्यानाचा मागमूस नव्हता.

"हा आपणहून गळलेला. झुपक्यातले मूठभर तपासले, सगळे असेच. मशीननं ओढले असते तर बहुतेकांना म्यान असतं, नाहीतर ते मधेच तुटले असते."

ठाण्यात नवऱ्याला समोर बसवलं. तासभर तो नाहीच म्हणत राहिला. मग मी दोन्ही मुळांचे फोटो त्याच्यापुढं टाकले.

"बायकोची गुंतवळ तूच दिलीस. कावून दिलीस बे?"

तो रडायला लागला. "चेअरमन म्हनले, आन. म्या आनली. छावनीचा चारा ट्रकनं भायेर इकायला जातुया, आसं ती तहसीलदाराला सांगनार व्हती. त्यांनी माज्यासमूर पहार घातली तिच्या डोक्यात. मला संस्थेत कायम करतो म्हनले."

रक्त लागलेली पहार त्यानंच कडब्याच्या गंजीखालून काढून दिली. चेअरमनला अटक करताना तो म्हणाला, "एका कुट्टीवालीसाठी एवढं?" माझा हात उठला होता. हवालदारानं धरला.

दोघांनाही शिक्षा झाली. पण मी? डोक्याची कातडी कुठं सोललीय का, एवढंही मी पाहिलं नव्हतं. पुढाऱ्यानं सांगितलं, नवरा हो म्हणाला, मी लिहून मोकळा झालो. त्यानंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी बजावलं, की जिवंत माणसं काय सांगतात ते नंतर ऐका, आधी मेलेल्याकडं नीट बघा.

ती म्हातारी आली नसती, तर फाईल माझ्याच सहीनं बंद झाली असती. आणि गावात गेलो की त्या खुन्याला मी नमस्कार करत राहिलो असतो.